सात आसनांची गाडी

विघ्ने दूर करणाऱ्या, आणि कधीकधी विघ्नाच्याच निमित्ताने माणसाला त्याचे खरे रूप दाखवणाऱ्या श्रीगजाननाला प्रथम वंदन करतो. आज माघ शुद्ध चतुर्थी. स्वयंपाकघरात सूनबाई मोदकांची उकड मळते आहे, बाहेर परदेशातल्या या शॉमबर्ग गावाच्या रस्त्यांवर रात्रभर पडलेला बर्फ साचला आहे, आणि मी देवघरासमोर पाटावर बसून हे लिहितो आहे. गेल्या वर्षी याच तिथीला माझ्या हातून जे घडले, ते कागदावर उतरवल्यावाचून यंदाच्या नैवेद्याला हात लावायचा नाही, असे मी ठरवले आहे.

मी जन्मभर संस्कृत शिकवले. पत्नी गेल्यावर मुलाने इकडे आणले, त्याला आता बारा वर्षे झाली. इथल्या मराठी घरांत माझी एक ओळख आहे. तिथी, मुहूर्त, सोवळे-ओवळे, सुतक यांविषयी शंका आली की लोक मला फोन करतात. "काका, ग्रहण तिकडचं धरायचं की इकडचं?" "काका, मायक्रोवेव्हमधलं दूध नैवेद्याला चालेल ना?" मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर देतो. फोन वाजला की मला आनंद होतो, हेही इथेच सांगून टाकतो. या वयात या देशात मला विचारण्यासारखे दुसरे काय उरले आहे?

आमच्या वसाहतीत दोन गल्ल्या पलीकडे नागपूरचे एक गृहस्थ आपल्या मुलीकडे राहतात. मुलगी डॉक्टर आहे. ते स्वतः इंजिनिअर होते. माझ्या घरातले सगळे त्यांना काका म्हणतात, मी भाऊसाहेब म्हणतो आणि ते मला गुरुजी म्हणतात. त्यांच्या बोटांत एक विलक्षण कसब होते. कापसाचा पेळू घेऊन बोलता बोलता ते अशा वाती वळत की एकीत आणि दुसरीत केसाचाही फरक दिसू नये. माझ्या देवघरातल्या समईत अनेक वर्षे त्यांच्याच वाती जळत. दर महिन्याला एक पुडी आणून द्यायचे आणि म्हणायचे, "तुमचा मंत्र, माझी वात. पुण्य अर्धं-अर्धं, जी."

गेल्या वर्षी पौष संपता संपता त्यांचा फोन आला.

"थोरले बंधू गेले, गुरुजी. तिकडं जाणं काही होऊन नाही राहिलं, डॉक्टरनं मला विमान बंद केलं. सुतक कसं पाळू, तेवढं सांगा."

मी सांगितले. दहा दिवस. देवपूजा नाही, देऊळ नाही. सोवळ्यातल्या माणसाला शिवायचे नाही, कुणी नैवेद्य नेत असेल तर त्याच्यापासून दूर राहायचे. दहाव्या दिवसासाठी काळे तीळ, जवाचे पीठ आणून ठेवायचे. त्यांनी सगळे लिहून घेतले आणि मला परत वाचून दाखवले. फोनवर मी त्यांना धीराचा एखादा शब्द बोललो की नाही, हे मला आज आठवत नाही. यादी मात्र शब्दशः आठवते.

चतुर्थीला त्यांचा सहावा दिवस होता. आमची गाडी सात आसनांची. पुढे मुलगा आणि सूनबाई, मधल्या रांगेत मी, सगळ्यात मागे दहा वर्षांची नात. मी पिवळे रेशमी सोवळे नेसलो होतो, आणि एकवीस मोदकांचा पितळी डबा केळीच्या पानाने झाकून मांडीवर धरला होता. कोट रोज धुतला जात नाही, म्हणून मी तो घातला नव्हता. मुलाला हीटर वाढवायला सांगितले होते. त्या दिवशीची थंडी अशी होती की श्वास घेतला तर नाकात टोचे.

मोठ्या रस्त्याच्या सिग्नलपाशी बसच्या थांब्यावर भाऊसाहेब उभे होते. हातात कापडी पिशवी होती. आमची गाडी ओळखून त्यांनी हात वर केला.

"बाबा, हे काका ना?" मुलगा म्हणाला. "या थंडीत इथे काय करतायत? थांबतो."

"थांबू नकोस," मी म्हणालो.

सूनबाई मागे वळली. "अहो बाबा, बसेस आज कॅन्सल आहेत. सकाळीच मेसेज आला. मागे तीन सीट्स रिकाम्या आहेत."

"त्यांना सुतक आहे. माझ्या मांडीवर नैवेद्य आहे."

"मग ते अगदी मागे बसतील ना," मुलगा म्हणाला. "तुम्हाला हातही लागणार नाही. काय यार बाबा..." पुढचे शब्द त्याने गिळले.

"एकाच गाडीत? आरतीची वेळ टळेल. येताना घेऊ त्यांना."

सिग्नल हिरवा झाला. मुलाने गाडी पुढे काढली. नात मागच्या काचेतून पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, काकांनी हात खाली केला."

आपण थांबणार नाही हे त्यांच्या लक्षात आले असेल, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

देवळात आरती झाली. मी अथर्वशीर्षाची आवर्तने खणखणीत आवाजात म्हटली. लोकांनी मोदकांच्या कळ्यांचे कौतुक केले. परतताना मुलाला वाणसामान घ्यायचे होते, म्हणून आम्ही हायवेने दुसऱ्या बाजूने घरी आलो. सगळ्यांना विसर पडला असे मी लिहिले, तर ते खोटे होईल. हायवेवर चढताना मला आठवले होते. मी बोललो नाही. गाडीत ऊब होती, पोट भरलेले होते, आणि एव्हाना कुणीतरी नेले असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

नेलेच होते. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकवरच्या एका बाईने त्यांना थांब्यावर बसलेले पाहिले, ट्रक आडवा उभा केला, आणि आपल्या केबिनमध्ये उचलून बसवले. तोवर तासाहून अधिक वेळ गेला होता. थंडीने त्यांचा फोन बंद पडला होता. मुलगी ऑपरेशनमध्ये होती. पिशवीत काळे तीळ आणि जवाचे पीठ होते. मी सांगितलेल्या वस्तू आणायला ते दुकानात गेले होते. उजव्या हाताचा हातमोजा सामान घेताना कुठेतरी पडला होता. पुढच्या महिन्यात त्या हाताच्या तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोके कापावी लागली.

आम्ही त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते खाटेवर टेकून बसले होते. हात पांढऱ्या पट्टीत होता.

"तुमच्यासारखीच एक गाडी समोरून गेली, गुरुजी," ते म्हणाले. "मी म्हटलं, हे नाही असणार. हे असते तर थांबले असते."

मुलाने मान खाली घातली. नात माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "तब्येतीला जपा, भाऊसाहेब." त्यानंतर हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. आयुष्यभर मी ज्या भाषेत सत्य या शब्दाची व्युत्पत्ती शिकवली, त्या भाषेतला एकही शब्द त्या खोलीत माझ्या मदतीला आला नाही, कारण मी त्यांतल्या एकालाही हाक मारलीच नाही.

घरातल्या वातींची पुडी फाल्गुनात संपली. मग दुकानातल्या वाती आल्या. समई लावताना माझा हात थांबू लागला.

याच सुमारास नातीच्या शाळेत एक प्रकल्प आला. प्रत्येकाने इतिहासातली एक घटना निवडायची, लोक तिच्याविषयी नेहमी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे मोठ्या पुठ्ठ्यावर मांडायची, आणि पालकांसमोर उभे राहून सांगायची. तिने टायटॅनिक निवडली. सरावासाठी तिला श्रोता हवा होता. घरात रिकामा असा मीच.

मला बरे वाटले. या जहाजाविषयी मी अनभिज्ञ नव्हतो. देवळाच्या तळमजल्यावर रविवारी मी मुलांचा वर्ग घेतो, त्यात अहंकारावर बोलताना हा दृष्टांत मी कितीदा तरी दिला आहे. देवसुद्धा हे जहाज बुडवू शकणार नाही असे मालक म्हणाले, आणि पहिल्याच प्रवासात ते बुडाले.

"आजोबा, ते तसं नाहीये," नात म्हणाली. "हा माझा पहिलाच क्वेश्चन आहे. मालक तसं बोलल्याचं प्रूफच नाही. जवळजवळ न बुडणारी, असं काहीतरी छापलं होतं. बुडाल्यावर लोकांनी 'जवळजवळ' काढून टाकलं."

"म्हणजे मी इतकी वर्षं मुलांना चुकीचं सांगतो आहे?"

"काइंड ऑफ." तिला माझी दया आली असावी. "पण सगळेच सांगतात. इट्स ओके."

ती एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगू लागली. होड्या इतक्या कमी का होत्या? तेव्हाचा कायदा जुना होता, लहान जहाजांसाठी केलेला. "कायद्याप्रमाणे होड्या कमी नव्हत्याच, आजोबा. उलट जास्त होत्या. त्यांनी रूल पाळला होता." लोक बुडून मेले का? बऱ्याच जणांच्या अंगावर तरंगणारी जाकिटे होती. ते पाण्यावरच होते. थंडीने गेले. वादक शेवटपर्यंत वाजवत होते का? बराच वेळ वाजवत होते, शेवटची धून कोणती ते नक्की ठाऊक नाही.

थंडीने गेले, हे तिने पुढच्या चौकोनाकडे जाताना सहज सांगितले. मी मात्र तिथेच अडकलो होतो.

"आणि हा मोठा क्वेश्चन. होड्या परत का नाही आल्या? पहिली होडी निम्मीसुद्धा भरली नव्हती. पाण्यातली माणसं ओरडत होती, होडीतल्यांना ऐकू येत होतं. तरी एखाददुसरीच परत आली. व्हाय?"

मी घसा साफ केला. "ज्याचं त्याचं प्रारब्ध, बाळ."

"टीचर म्हणते, डेस्टिनी हे आन्सर नाही. कुणीतरी डिसाइड केलं ना, की जायचं नाही?"

पुठ्ठ्याच्या अगदी खालचा चौकोन पिवळ्या चिठ्ठीने झाकलेला होता. तो कशाचा, असे मी विचारले.

"त्यात आपल्या लाइफमधलं काहीतरी लिहायचंय. या स्टोरीशी कनेक्ट होणारं. मी अजून लिहिलं नाही. आधी तुम्हाला विचारायचं होतं." ती पुठ्ठ्याकडे पाहत राहिली. "आपल्या गाडीत तीन सीट्स होत्या."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. मी विचारले, "लिहू नकोस म्हणालो तर?"

"तर मी दुसरं काहीतरी लिहीन. सॉकरबद्दल." मग ती म्हणाली, "पण गुरुवारी शाळेत काका येणारेत. मीच बोलावलंय. ती आपली गाडी होती हे त्यांना माहीत नाही ना, आजोबा? तुम्ही सांगा ना त्यांना. मग मी लिहीन."

तिने मला शिक्षा सांगितली नव्हती, परवानगी मागितली होती, आणि ती नाकारण्याचा अधिकार माझ्याकडे होता. दोन दिवस मी त्या अधिकाराला कवटाळून बसलो. प्राणसंकटात आचाराचे नियम शिथिल होतात, हे मी स्वतः शेकडो विद्यार्थ्यांना शिकवले आहे. त्या दिवशी तर इतक्या विद्येचीही गरज नव्हती. भाऊसाहेबांना गाडीत घ्यायचे, त्यांच्या घरी सोडायचे, परत येऊन स्नान करायचे, मोदक पुन्हा वळायचे आणि सवडीने देवळात जायचे. देव तिथेच होता. आरती चुकली असती, इतकेच. आणि माझ्या आवाजाचे कौतुक करणारे लोक घरी गेले असते. मोदक पुन्हा वळता आले असते. बोटे पुन्हा येत नाहीत.

बुधवारी दुपारी मी चालत त्यांच्याकडे गेलो. ते टीव्ही बंद करून उठले. मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्यावर बोललो असतो.

"भाऊसाहेब, चतुर्थीला तुमच्यासमोरून गेलेली गाडी आमचीच होती. मुलगा थांबत होता. मी त्याला थांबू दिलं नाही. आणि येताना मला तुमची आठवण झाली होती, तरी मी गप्प बसलो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. दोन आखूड बोटांनी फडके नीट धरता येत नव्हते.

"माहीत आहे, जी," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"सिग्नलला काच माझ्यासमोरच होती, गुरुजी. तुमचं पिवळं सोवळं दिसलं. मांडीवरचा डबा दिसला. मी हात केला होता गाडी ओळखून. डबा दिसला अन् मीच हात खाली घेतला. नैवेद्यवाल्यापासून दूर राहायचं, तुम्हीच सांगितलं होतं ना फोनवर. लिहूनच घेतलं होतं मी."

मी त्यांना नाकारले, एवढाच माझा अपराध मी घेऊन आलो होतो. मदत मागणारा त्यांचा हातही मीच आधी खाली ओढला होता, हे मला ठाऊक नव्हते.

"मग त्या दिवशी तुम्ही असं का म्हणालात की..."

"नात उभी होती तुमची. तिच्यासमोर आजोबाला कसं पाडायचं?" त्यांनी फडके बाजूला ठेवले. "पण खोटं नाही बोलत, गुरुजी. राग आला. बोटं कापली तेव्हा पहिले माझा मलाच आला, की हात खाली का घेतला म्हणून. मग तुमचा आला. लई आला. भाऊ गेला ते बाजूला राहिलं, मी तुमच्याशी मनात भांडून राहिलो."

"आणि आता?"

"आता अधूनमधून येतो." त्यांनी चष्मा लावला. "चहा ठेवू का?"

मी वाकलो, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा दंड धरला. "हे नको. तुम्ही पाया पडले की मला तुम्हाला माफ करावं लागेल, अन् माझं अजून व्हायचं आहे. पोरीला लिहू द्या. बसा."

त्या दिवशी मी त्यांच्या घरी चहा घेतला. साखर जास्त झाली होती. मी पूर्ण प्यालो.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या मोठ्या दालनात पुठ्ठ्यांच्या रांगा लागल्या होत्या. नातीने मला बजावले होते की श्रोत्यांतून निदान एक प्रश्न मी विचारायचा, नाहीतर कुणी काही विचारत नाही आणि फार एम्बॅरसिंग होते. भाऊसाहेब माझ्या शेजारी उभे होते, उजवा हात खिशात. मी माझ्या अडखळत्या इंग्रजीत विचारले, होड्या परत का आल्या नाहीत?

तिने मला उत्तर मराठीत दिले. शिक्षिका आणि बाकीचे पालक कौतुकाने हसले, त्यांना ते कळले नव्हते. "भीती वाटली म्हणून. मग उशीर झाला. आणि नंतर घरी येऊन त्याबद्दल कुणी फारसं बोललंच नाही."

मग तिने खालच्या चौकोनावर बोट ठेवले. पिवळी चिठ्ठी तिथे नव्हती. आमची गाडी, तिची सात आसने, त्यांतली चार माणसे, थांब्यावर उभे असलेले एक काका, एवढेच तिने लिहिले होते. आजोबांचा उल्लेख तिने केला नव्हता. भाऊसाहेबांनी ते वाकून दोनदा वाचले. "अक्षर चांगलं आहे पोरीचं," ते म्हणाले, आणि खिशातला हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. आखूड बोटे तिच्या केसांत मला स्पष्ट दिसत होती.

वर्ष झाले. दर शनिवारी भाऊसाहेब आमच्याकडे येतात आणि मला वाती वळायला शिकवतात. त्यांचा हात चालत नाही, माझा वळत नाही. "गुरुजी, ही वात आहे की बैलाची वेसण?" असे ते म्हणतात. मी वळलेल्या वाती चरचरतात, मध्येच विझतात. त्या मी पुन्हा लावतो.

लोकांचे फोन अजून येतात. सुतकाचे दिवस मी पूर्वीसारखेच सांगतो, कारण ते मला तसेच शिकवले गेले आहे. शेवटी मात्र आता एक वाक्य जोडतो. थंडीत, पावसात, आजारात कुणाचीही गाडी दिसली तर हात करा आणि बसा, आत नैवेद्य असला तरी बसा, आणि कुणी काही बोलले तर मी सांगितले म्हणून सांगा. फोन ठेवण्यापूर्वी, कोण गेले आणि कसे गेले, हेही विचारतो.

आज दुपारी आम्ही देवळात जाऊ, तेव्हा भाऊसाहेब गाडीत माझ्या शेजारच्या आसनावर बसणार आहेत. वाचकांनी यात माझे काही मोठेपण पाहू नये. आज त्यांना सुतक नाही, शास्त्राची आडकाठी नाही, मला काहीच सोडावे लागणार नाही. माझी कसोटी त्या एका दुपारी होती आणि ती होऊन गेली. आता उरले आहे ते तो थांबा ओलांडताना मान न फिरवणे. मुलाला मी सांगून ठेवले आहे, त्याच रस्त्याने गाडी ने.

सूनबाई हाक मारते आहे. उकड झाली, हात धुऊन येतो.

हे वाचणाऱ्या तुम्हां सर्वांना आणि तुमच्या घरातल्या लहानथोरांना श्रीगजानन सुखरूप ठेवो. तुमच्या देवापुढचा दिवा शांत जळो. तुमच्या गाडीत, तुमच्या पंगतीत एक जागा नेहमी मोकळी असो, आणि ती देण्याची बुद्धी तुम्हाला वेळेवर होवो. तुमच्या घरातल्या मुलांना प्रश्न पडोत, आणि त्यांना उत्तर देताना तुम्हाला मान खाली घालावी न लागो.